वॉर्डातील खिडक्या आणि त्या धुण्याचे द्रावण : एक निवेदन

वार्षिक अहवाल म्हटला की बाह्यरुग्ण विभागातील नोंदी, शस्त्रक्रियांची संख्या, नव्याने बसविलेली यंत्रसामग्री आणि जमाखर्चाचा ताळेबंद यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. रुग्णालयाच्या खिडक्या कशाने धुवाव्यात हा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे तो सविस्तर मांडण्याचे कारण असे, की अहवाल वर्षात याच किरकोळ वाटणाऱ्या बाबीत आमच्याकडून एक चूक घडली. ती लपविण्यापेक्षा तिच्यातून आम्ही काय शिकलो ते सांगणे अधिक उचित होय.

पावसाळ्यापूर्वीच्या सफाईचे काम नेहमीप्रमाणे बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिले होते. दुसऱ्या मजल्यावरील वॉर्डाच्या काचांवरील पांढरे डाग साध्या साबणाने निघेनात, म्हणून एका कामगाराने संडास धुण्याचे ॲसिड आणले आणि ते कोपऱ्यातील बादलीत ओतले. त्या बादलीत फरशी पुसण्यासाठी केलेले ब्लीचचे पाणी शिल्लक होते. काही क्षणांतच झोंबणारा वास वॉर्डभर पसरला. त्या वॉर्डात श्वासविकाराचे रुग्णही होते. परिसेविकांनी प्रसंगावधान राखून दारे-खिडक्या उघडल्या, मावशी आणि मामा मंडळींनी खाटा बाहेर हलविल्या. दोन रुग्णांना व त्या कामगाराला काही काळ प्राणवायू द्यावा लागला. सुदैवाने कोणासही कायमची इजा झाली नाही. संबंधित कुटुंबीयांची आम्ही त्याच दिवशी समक्ष भेट घेऊन क्षमा मागितली होती. या पृष्ठावरून ती पुन्हा मागत आहोत.

कामगाराला दोष देऊन प्रकरण मिटविणे सोपे होते. परंतु चौकशीत निराळेच चित्र पुढे आले. कोणते द्रावण वापरावयाचे हे त्याला कोणीही लेखी अथवा तोंडी सांगितले नव्हते. आमच्या कार्यादेशात 'काच सफाईचे साहित्य कंत्राटदाराचे' एवढाच उल्लेख होता. म्हणजेच द्रावणाची निवड आम्ही केलीच नव्हती. ज्याला त्याविषयी सर्वांत कमी माहिती मिळाली होती, त्याच्यावर ती सोपविली होती. पुढील मजकूर म्हणजे ती निवड आम्ही नंतर कशी केली, याचा वृत्तांत होय.

खिडकीची काच स्वच्छ का हवी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात प्रकाशासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले असून, रुग्णाच्या गरजांत स्वच्छ हवेखालोखाल प्रकाशाला स्थान दिले आहे. पुढे १९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटी पाहणी प्रसिद्ध केली. पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकांची गरजही कमी भासली. एवढ्याशा पाहणीवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण अस्थिरोग वॉर्डात पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे उताणे पडून राहिलेल्या रुग्णाकडे पाहिले, की खिडकी म्हणजे त्याचे अर्धे जग असते हे समजावयास पाहणीची आवश्यकता उरत नाही. ती काच धुरकट असेल, तर देणगीदारांनी बांधून दिलेल्या मोठ्या खिडक्यांचा उपयोग तेवढाच कमी होतो.

काचेवर साचते तरी काय

द्रावण निवडण्यापूर्वी मळ कोणता हे पाहावे लागते. आमच्या इमारतीची पाहणी केली असता पाच प्रकारचा मळ आढळला. रस्त्याच्या बाजूला धूळ आणि वाहनांच्या धुराची तेलकट काजळी. आतल्या बाजूला बोटांचे व डोक्याच्या तेलाचे ठसे. स्वयंपाकघराच्या बाजूला तुपातेलाचा थर. वरच्या मजल्यांवर कबुतरांची विष्ठा. आणि सर्वत्र पाण्याच्या थेंबांचे पांढरे डाग. पहिल्या तिन्हींत तेलाचा अंश असतो आणि त्यांना साबणासारखा पदार्थ पुरतो. विष्ठा सुकी खरवडल्यास तिचे कण हवेत उडतात व फुप्फुसांना अपाय होऊ शकतो. म्हणून ती आधी भिजवून, मऊ झाल्यावर, ओल्या फडक्याने काढावी लागते. पाचवा प्रकार मात्र मळ नव्हेच. ते आमच्याच पाण्यातील क्षार होत.

दख्खनच्या पठारावरील काळ्या बेसॉल्ट खडकातून उपसलेले बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० प्रमाणे पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. पिण्यास चालणारे हे पाणी काचेवर मात्र चालत नाही. थेंब वाळतो, पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच राहतात. त्यावर दुसरा थेंब, मग तिसरा. वर्षानुवर्षे हे घडत राहिल्यास क्षारांचा थर काचेला असा चिकटतो, की अखेरीस कोणतेही द्रावण त्याला हलवू शकत नाही. सीरियम ऑक्साइडच्या पुडीने काच घासून पॉलिश करणे किंवा ती बदलणे एवढेच उरते.

गंमत अशी, की असे डाग दिसू लागले म्हणजे सफाई करणारा साबणाला दोष देतो आणि आणखी साबण ओततो. जड पाण्यात साध्या साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि काच अधिकच धुरकट दिसते. म्हणजे साबणाच्याही आधी पाणी निवडावे लागते. हा धडा आम्हांस सर्वांत उशिरा समजला.

उपाय घरातच होता. आपल्या डायलिसिस विभागात क्षार काढून टाकणारे आर. ओ. संयंत्र आहे. रुग्णांची गरज भागल्यानंतर, तंत्रज्ञांच्या संमतीने, उरलेले शुद्ध पाणी आता काचा खळबळण्यासाठी दिले जाते. या संयंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र क्षारांनी भरलेले असते; ते काचेला लावण्यास सक्त मनाई असून त्याचा उपयोग संडासाच्या टाक्यांसाठी होतो.

बाजारातील पर्याय आणि आमचे निर्णय

खरेदी समितीने निरनिराळ्या प्रकारच्या द्रावणांचा विचार केला. प्रत्येकाचे गुण आहेत. प्रश्न ते रुग्णालयात चालेल काय, हा होता.

अमोनियायुक्त द्रावण तेलकटपणा उत्तम काढते आणि उडून जात असल्याने मागे ओघळ राहत नाहीत. दुकानांच्या दर्शनी काचांसाठी ते चांगले. परंतु त्याचा वास डोळ्यांना व श्वासनलिकेला त्रासदायक असतो, काचेवर लावलेल्या ऊनरोधक फिल्मला ते खराब करते, आणि ब्लीचशी संयोग झाल्यास क्लोरामाइन नावाची विषारी वाफ निर्माण होते. फरशीसाठी ब्लीच वापरणाऱ्या इमारतीत हा धोका आम्ही पत्करू शकत नाही. हे द्रावण बाद केले.

आयसोप्रोपिल अल्कोहोलयुक्त फवारा चटकन वाळतो व काच लखलखीत दिसते. मात्र त्याची वाफ नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. जेथे प्राणवायूच्या वाहिन्या आहेत अशा वॉर्डात तो बादलीने वापरणे अयोग्य. स्वागत कक्षातील छोट्या आरशांपुरता, तोही लहान बाटलीतून, एवढीच त्यास परवानगी आहे.

धुण्याचा सोडा आणि तत्सम अल्कलीयुक्त पदार्थ स्वस्त आहेत व स्वयंपाकघरातील मेण काढतात. परंतु आपल्या खिडक्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या आहेत आणि तीव्र अल्कलीने त्यांची झिलई जाते. ब्लीचनेही ॲल्युमिनियम गंजते.

व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, ही सौम्य आम्ले ताज्या क्षारडागांवर चांगली चालतात. कॅल्शियम कार्बोनेट त्यांत विरघळते. मात्र येथे एक स्थानिक अडचण आहे. आपल्याकडील खिडक्यांचे कट्टे बहुधा कडप्प्याचे असतात आणि कडप्पा हा चुनखडीचाच दगड होय. जे आम्ल काचेवरचा चुना विरघळविते, ते कट्ट्याचा चुनाही विरघळविते व पॉलिश जाऊन दगड पांढुरका पडतो. शहाबादी फरशी आणि संगमरवराचेही तसेच. म्हणून लिंबूसत्त्वाचे पाणी बादलीने न ओतता, फडक्यास लावून, केवळ डागावर, कट्ट्यावर प्लास्टिक अंथरूनच वापरावे असे ठरविले आहे. ब्लीचशी त्याचीही गाठ पडू द्यावयाची नाही.

तीव्र ॲसिडाविषयी अधिक सांगावयास नको. संडास धुण्याच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लीचमध्ये पडले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. आमच्याकडील घटनेत वायू थोडका होता, हे आपले सुदैव. त्याच कामात वापरलेल्या ॲसिडाने कडप्प्याचे कट्टे खरखरीत झाले, ॲल्युमिनियमच्या चौकटींवर डाग पडले, आणि मूळचे जुने क्षारडाग होते तेथेच राहिले. याहूनही घातक असे हायड्रोफ्लोरिक आम्ल काही डागनाशकांत असते. ते काचेलाच खाते, आणि त्वचेवर पडल्यास आरंभी फारशी वेदना न होताही खोलवर जाऊन हाडांपर्यंत इजा करू शकते. त्याला आमच्या आवारात प्रवेश नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तेव्हा रुग्णालयांसारख्या संस्थांनाही ॲसिड ठेवावयाचे असल्यास वापराची नोंदवही ठेवण्यास व साठ्यासाठी जबाबदार व्यक्ती नेमण्यास सांगितले होते. प्रयोगशाळेच्या साठ्याबाबत आम्ही ते पाळत होतो. कंत्राटदाराच्या पिशवीतून आत येणाऱ्या बाटलीकडे मात्र आमचे लक्ष नव्हते. आता प्रवेशद्वारावरच ते दिले जाते.

अनेक देणगीदार विचारतात, की रुग्णालयाच्या काचा जंतुनाशकानेच का धुवू नयेत? संसर्ग नियंत्रणाच्या दृष्टीने वारंवार हात लागणारे पृष्ठभाग आणि क्वचित हात लागणारे पृष्ठभाग असा भेद केला जातो. खिडकीची कडी व मूठ पहिल्या वर्गात येतात आणि ती जंतुनाशकाने रोज पुसली जातात. काच दुसऱ्या वर्गात येते. तिला स्वच्छता पुरे. उलट क्वाटर्नरी अमोनियम वर्गातील जंतुनाशके काचेवर पातळ थर सोडतात आणि नेहमीच्या डिटर्जंटमध्ये मिसळल्यास स्वतःही निष्प्रभ होतात. म्हणून कडीचे फडके वेगळे, काचेची बादली वेगळी.

अखेर ठरलेले द्रावण

एवढ्या विचारांती जे द्रावण निश्चित झाले, ते पाहून काही विश्वस्तांना हसू आले, आणि ते स्वाभाविकच होते. भांडी घासण्याचे, उदासीन प्रकृतीचे, रंग व सुगंध कमी असलेले द्रव डिटर्जंट. दहा लिटर पाण्यास साधारण ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे एक ते दोन छोटे चमचे. एवढेच.

इतके थोडे पुरते कसे? निव्वळ पाणी तेलकट काचेवर पसरत नाही, मोत्यासारखे गोळा होते, कारण त्याचा पृष्ठताण अधिक असतो. डिटर्जंटचे थोडेसे रेणू तो ताण कमी करतात, पाणी काचेवर सर्वत्र पसरते, आणि तेलाचे कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात. याहून अधिक डिटर्जंट घातल्यास मळ अधिक निघत नाही. अधिकचा फेस काचेवर वाळून ओघळ उमटतात व त्यावर धूळ लवकर बसते. शिवाय कृत्रिम डिटर्जंटचा जड पाण्यात साध्या साबणासारखा साका होत नाही.

उरलेले काम द्रावणाचे नसून हाताचे आहे. काचेवरील धूळ आधी ओल्या फडक्याने हलकेच काढावी, कारण कोरडी झटकल्यास ती रुग्णांच्या खाटांवर येते आणि तशीच घासल्यास बारीक खडे काचेवर ओरखडे पाडतात. मग द्रावण लावून रबरी पट्टीच्या वायपरने वरून खाली ओढावे. हा वायपर इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एटोरे स्टेकोन नावाच्या काच सफाई कामगाराने १९३६ मध्ये हलक्या पितळी स्वरूपात आणला. त्याचे तत्त्व असे, की मळ काचेवर फिरवीत न बसता पाण्यासकट खाली उतरवावा. डिटर्जंटमुळे रबर अडखळत नाही. शेवटी आर. ओ. च्या पाण्याचा हात फिरवून कडा सुती किंवा मायक्रोफायबर फडक्याने टिपाव्यात. रद्दीच्या कागदाने पुसण्याची जुनी सवय घरी ठीक आहे. येथे शाई चौकटीस लागते व कागदाचा बारीक चुरा वॉर्डात पडतो, म्हणून ती बंद केली. उन्हाने तापलेल्या काचेवर द्रावण पुसण्यापूर्वीच वाळते. त्यामुळे पश्चिमेच्या खिडक्या सकाळी आणि पूर्वेच्या दुपारनंतर, असा क्रम लावला आहे.

या द्रावणाचा आणखी एक लाभ आहे. ते तीव्र नसल्याने भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून काढावे लागत नाही. बाहेरच्या अरुंद सज्जावर ओल्या पायाने उभे राहण्याची वेळ जितकी कमी, तितका कामगार सुरक्षित. लांब दांड्याचा वायपर घेतल्यापासून बऱ्याचशा खिडक्या आतून वा जमिनीवरूनच होतात.

हिशेबाची बाजू

दानाच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्य आहे, म्हणून एक उदाहरण देतो. समजा, तयार फवाऱ्याची ५०० मिलिलिटरची बाटली १०० रुपयांस मिळते. म्हणजे लिटरला २०० रुपये. दुसरीकडे, समजा, ५ लिटरचा डिटर्जंटचा कॅन ६०० रुपयांस मिळतो. दहा लिटरच्या बादलीस १० मिलिलिटर याप्रमाणे त्यातून ५०० बादल्या होतात. म्हणजे बादलीस १ रुपया २० पैसे. बादलीने काम करताना फवाऱ्यापेक्षा द्रावण अधिक लागते हे गृहीत धरूनही अंतर स्पष्ट आहे. म्हणून दरपत्रके मागविताना डब्याची किंमत न विचारता तयार बादलीची किंमत विचारावी, असा नियम आम्ही केला आहे.

पण खरा खर्च त्याहीपलीकडे असतो. ॲसिडची बाटली सर्वांत स्वस्त होती. तिच्या पावतीवर कट्ट्यांचे पॉलिश नव्हते, चौकटींची दुरुस्ती नव्हती, वॉर्ड रिकामा करण्याचे श्रम नव्हते, आणि त्या दोन रुग्णांनी व त्या कामगाराने घाबरून घेतलेला श्वास तर कोणत्याच खातेवहीत मांडता येत नाही.

आता पाळले जाणारे नियम

सफाईचे सर्व साहित्य रुग्णालयाचे भांडारच देईल. कंत्राटदाराने स्वतःचे आणावयाचे नाही. कोणतेही नवे द्रव घेण्यापूर्वी उत्पादकाकडून सोळा विभागांचे सुरक्षितता माहितीपत्रक मागविले जाते, आणि त्यातील धोके, प्रथमोपचार, आम्लता व कशाशी मिसळू नये हे चार विभाग वाचून अधिसेविका व भांडारपाल दोघांच्या सह्या झाल्याखेरीज खरेदी होत नाही. प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव व प्रमाण लिहिलेले असते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत द्रव भरून ठेवण्यास पूर्ण बंदी आहे. काचेच्या बादल्या निळ्या असून त्यांत ब्लीच कधीही जात नाही, आणि काम संपल्यावर प्रत्येक बादली रिकामी करून पालथी ठेवली जाते. पालथ्या बादलीत कोणी काही ओतू शकत नाही, ही सूचना त्या घटनेतील कामगारानेच केली. तो आजही आमच्याकडे काम करतो आणि नव्याने येणाऱ्यांना हेच नियम समजावून सांगतो.

एक विनंती

रुग्णांच्या कुटुंबीयांस नम्र विनंती, की आपुलकीने घरून फिनेल, ॲसिड अथवा अन्य द्रव आणून खाटेजवळची जागा स्वतः धुवू नये. अस्वच्छता दिसल्यास परिसेविकेस सांगावे. नाव नसलेली बाटली कोठेही आढळल्यास तिला हात न लावता लगेच कळवावे. एखाद्या खिडकीची काच मळलेली दिसली, तर तेही अवश्य सांगावे. ती तक्रार आम्ही किरकोळ मानणार नाही.

खिडकी धुण्यासाठी देणगीची पावती फाडावी, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. आपण दिलेल्या सर्वसाधारण निधीतूनच तो एक चमचा डिटर्जंट येतो. यंदा आपण वॉर्डात याल तेव्हा खिडकीजवळच्या खाटेपाशी क्षणभर थांबावे आणि त्या खाटेवरून बाहेरचे झाड नीट दिसते काय, ते पाहावे. दिसत असल्यास आमचा हिशेब जुळला असे आम्ही समजू.